ओळीवरची ओळ

नव्या शाळेत बदली होऊन गेले की पहिल्या पंधरा दिवसांत मी वर्गाची यादी करते. आतापर्यंत चार शाळा झाल्या आणि चारही ठिकाणी केली. पटावर मुलं किती, रोज येणारी किती, शेवटच्या बाकावरून फळा दिसतो का, चष्मा कोणाला लागेल, इंग्रजी वाचता कोणाला येतं, लिहिता कोणाला येतं, आणि विचारलं तर उभं राहून दोन वाक्यं बोलायचं धाडस कोणाला आहे. प्रत्येक बाबीपुढं एक चौकोन. बाब मार्गी लागली की चौकोनात खूण. घरी या वहीची थट्टा होते. मुलगा म्हणतो, आई जेवल्यावरसुद्धा खूण करत असेल. तसं करत नाही. पण इतकी वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवताना मी विस्कटले नाही, याचं निम्मं श्रेय त्या चौकोनांना आहे.

म्हणूनच एका चौकोनात चुकून केलेली खूण मला अजून टोचते.

साताऱ्यात नोकरी सुरू झाली, मग वाईला सात वर्षं, मग कराडला चिकटून असलेल्या मलकापुरात. तिन्ही ठिकाणी दहावीच्या वर्गात पहिली अडचण वाचनाची. मुलं नऊ वर्षं इंग्रजी शिकून आलेली असतात, पण परिच्छेद वाच म्हटलं की गळ्यात हाडूक अडकल्यासारखं करतात. त्यामुळं संस्थेनं सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, दुष्काळी भागातल्या एका गावी बदली केली तेव्हा मी मनाची तयारी करूनच गेले. माळरान, मध्येच डाळिंबाची आणि द्राक्षाची बाग, आणि उरलेल्या सगळ्या जागेवर मेंढरं. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं मेंढपाळांच्या घरची. काहींच्या घरचे दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. मुलं मागं आजी-आजोबांकडं राहायची.

पहिल्या आठवड्यात मी दहावीला धडा वाचायला लावला. एकेकाला उभं केलं. आणि मी थक्क झाले. मुलं वाचत होती. धडाधड वाचत होती. उच्चार जरा गावरान, स्वल्पविरामाला कोणी थांबत नव्हतं, पण अडखळणं नाही, घाम नाही, शेजाऱ्याकडं बघणं नाही. एकामागून एक अकरा मुलं वाचली. मी वहीत ‘वाचन’ या शब्दापुढच्या चौकोनात खूण केली आणि मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांना सांगितलं, “सर, मुलांचं वाचन उत्तम आहे. मी सरळ लेखनावर भर देते.”

सर खूश झाले. “बघा! साताऱ्याकडच्या लोकांना वाटतं, आमच्याकडं नुसत्या बाभळीच उगवतात.”

एक गोष्ट मात्र पुढं खटकली. तिसऱ्या धड्यातली मधलीच एक ओळ सगळ्यांनी गाळली. वेगवेगळ्या दिवशी वाचलेल्या पाच मुलांनी तीच ओळ गाळली. मी म्हटलं, लक्ष नाही तुमचं. ती ओळ मी स्वतः वाचून दाखवली आणि पुढं गेले. कुठलंही कुलूप एकाच जागी पाचदा अडतं तेव्हा शहाणी बाई किल्ली काढून बघते. मी बघितली नाही. वर्गखोली अरुंद, बाक भिंतीला टेकलेले, मुलांच्या पाठीमागं जायला वाट नाही. मी टेबलापाशी माझं कोरं पुस्तक धरून ऐकायची. पोरांच्या पुस्तकांत पेन्सिलीनं भरपूर काही लिहिलेलं असायचं, ते लांबून दिसत होतं. नववी-दहावीची पुस्तकं जुनी, वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडं आलेली. शब्दांचे अर्थ लिहिलेले असणार, असं मी धरून चालले. सगळीकडं तसंच असतं.

सगळ्यांत छान वाचायची एक मुलगी. उंच, दोन घट्ट वेण्या, आणि माळावर मेंढरं वळवून कमावलेला आवाज. शेवटच्या बाकावरून वाचायला लागली की शेजारचा नववीचा वर्ग गप्प व्हायचा. तिच्या घरी आजा-आजी, आणि मेंढरांमागं फिरणारे आई-वडील. सहामाहीच्या आधी सांगलीच्या एका शाळेचं पत्रक आलं: जिल्ह्यातल्या दहावीच्या मुलांसाठी इंग्रजी वाचनाची स्पर्धा, जानेवारीत. पहिली फेरी पाठ्यपुस्तकातला उतारा, दुसरी फेरी आधी न पाहिलेला. मी विचार करायला दोन मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. तिचं नाव पाठवलं, परिपाठाच्या वेळी सगळ्या शाळेसमोर जाहीर केलं. टाळ्या झाल्या. या शाळेतून सांगलीला इंग्रजीसाठी कोणी गेलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि मी सरावाला लागले. घरी साताऱ्याला असतानाच दहा नवे उतारे टाइप करून आणले होते. शाळा सुटल्यावर तिला थांबवून पहिला कागद हातात दिला.

तिनं कागद घेतला. पाहिला. उलटा करून मागं पाहिलं. परत सरळ केला.

“वाच की.”

तिनं कागद टेबलावर ठेवला.

“बरं नाही का?”

“मॅडम, ह्येच्यावर लिवलेलं न्हाई.”

“काय लिहिलेलं नाही?”

तिनं दप्तरातून पाठ्यपुस्तक काढलं आणि माझ्यापुढं उघडून ठेवलं. तिचं पुस्तक मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. इंग्रजीच्या प्रत्येक छापील ओळीच्या वर, दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत, बारीक देवनागरीत अख्खी ओळ उतरवलेली होती. अर्थ नव्हे, उच्चार. ‘वन डे द गर्ल टुक हर गोट टू द मार्केट.’ पान उलटलं. तेच. पहिल्या धड्यापासून शेवटच्या कवितेपर्यंत तेच. अक्षर तीन-चार हातांचं, जिथं पुसट झालं तिथं पुन्हा गिरवलेलं. तिसऱ्या धड्यात एक ओळ उतरवायची राहून गेली होती. वर काही नाही, म्हणून वर्गात कोणी ती वाचली नव्हती.

“हे सगळ्यांच्या पुस्तकात आहे?”

“व्हय. येकाचं बघून दुसऱ्यात लिवत्यात. ज्येच्यात नसंल ते पुस्तक कोण घ्येत न्हाई.”

मी खुर्चीवर बसले. साडेपाच महिने मी मराठी वाचन ऐकत होते आणि त्याला इंग्रजीचे गुण देत होते.

“खालचं काहीच वाचता येत नाही तुला?”

“अक्षरं येत्यात. ए, बी, सी, डी. माझं नाव येतंय. आमच्या बेदाण्याच्या शेडवरच्या खोक्यावरचं वळकतंय, पण ते चित्रासारकं.”

मी तिला म्हटलं की काळजी करू नकोस, नाव मागं घेता येतं. तिचा चेहरा एकदम बदलला. तोवर ती शरमलेली होती, आता चिडली.

“नाव काडू नगा मॅडम.”

“अगं, दुसऱ्या फेरीला नवा कागद देतील. तिथं काय करशील?”

“म्हनूनच नगा काडू. माझी थोरली भन अकरावीला सांगलीला गेलती. तितं पुस्तकावर वर लिवलेलं नसतंय. दोन म्हैनं बसली वर्गात. सर काय वाचत्यात ते कळायचं न्हाई. मग आली परत. म्हनली, मला करमत न्हाई तितं. खरं काय ते तिनं माझ्याजवळच सांगितलं.” मग म्हणाली, “मला पण अकरावीला जायाचंय. आन् मला परत न्हाई यायचं.”

मी मुक्कामाच्या खोलीवर गेले आणि वही काढली. ‘वाचन’पुढची खूण खोडली. त्याखाली नवी यादी लिहिली: आठ आठवडे. परिपाठाआधी पंचवीस मिनिटं, शाळा सुटल्यावर माझी एसटी येईपर्यंत चाळीस. इतके आवाज, इतक्या अक्षरजोड्या, इतके उतारे. शेवटी लिहिलं, सरांना सांगणे.

सरांना सांगणं हे सगळ्यांत अवघड काम होतं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं केलं.

“मग नाव मागं घ्या, दुसरं कोणी तरी पाठवा,” सर म्हणाले.

“दुसरं कोणाचंही पुस्तक उघडा सर. तेच आहे.”

“मग मुलगी आजारी पडली म्हणून कळवू.”

“ती आजारी नाही.”

“मग तुम्ही पडा!” सर वैतागले. “मॅडम, बोर्डाचा निकाल चांगला लागतोय आपला. प्रश्नोत्तरं पाठ करतात, निबंध पाठ करतात, पास होतात. पास झाल्यावर आपलं काम संपलं. कशाला ढवळताय?”

“सर, तिचं काम तिथून सुरू होतंय.”

सरांनी समोरचं रजिस्टर उघडलं. पण किल्ली मागितली तेव्हा सकाळी लवकर वर्ग उघडायची किल्ली त्यांनी दिली. माझ्या हिशेबी परवानगी मिळाली.

मी आधी जे केलं ते चुकीचं केलं. दोन डझन खोडरबर आणले आणि वर्गाला सांगितलं, सगळी वरची ओळ पुसा. एका तासात चार पानं पुसली गेली. वर्गात मरणकळा. दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात त्या मुलीचा आजा उभा. डोक्याला पिवळा रुमाल, खांद्यावर घोंगडी, हातात तिचं पुस्तक.

“आवं बाई, तुमीच काय त्या नव्या?”

“हो, आजोबा. या ना आत.”

“आत कशाला? हितंच बोलतो.” त्यांनी पुस्तक उघडून पुसलेलं पान दाखवलं. “ह्ये पुसायला कुनी सांगितलं?”

“मी सांगितलं.”

“ह्ये कवापास्नं हाय म्हाईत हाय का तुमाला? माझं पोरगं, हिचा बा, शाळंत हुतं तवा आमी दिवाळी झाली की मेंढरं घिऊन बाहीर. पोरगं संगं. माघारी आलो की साळंत त्येला काय कळायचं न्हाई. तवाच्या गुरुजींनी त्येच्या पुस्तकात येका येका वळीवर मराठीत लिवून दिलं. रोज साळा सुटल्यावर बसून. आमच्या खानदानात पयला धावी झालेला ह्योच. त्येचं बघून समद्यांनी लिवून घ्येतलं. पुस्तक बदललं की आदी वर लिवून घ्येत्यात, मग बाकीचं. आन् तुमी येका तासात पुसताय?”

मी एवढंच म्हणू शकले, “त्या गुरुजींनी केलं ते बरोबर केलं, आजोबा. त्या पोरासाठी.”

“मग?”

नात मागं येऊन उभी राहिली होती. तीच बोलली.

“आबा, मग ताईला सांगलीत कुनी दिलं लिवून?”

म्हातारा तिच्याकडं वळला. “ताईला करमत नव्हतं तितं.”

“करमत नव्हतं न्हाई. वाचता येत नव्हतं.”

त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी पुस्तकाची पानं चाळली, वाचता येत नसलेल्या माणसानं चाळावीत तशी, कडेकडेनं. शेवटी म्हणाले, “बाई, शिकवा काय शिकवायचं ते. पर ह्ये पुसू नगा. गुरुजीचं अक्षार हाय त्यात.”

त्या पुस्तकात गुरुजींचं अक्षर असणं शक्य नव्हतं. पुस्तक त्यानंतर दोनदा तरी बदललं असेल. मी ते बोलले नाही. खोडरबर कपाटात ठेवले आणि दुसरा उपाय शोधला. गावात लग्नपत्रिकांना तोटा नसतो. जाड पत्रिका घेतल्या, प्रत्येकीत कटरनं एक लांबट खाच पाडली, छापील एका ओळीएवढी. पत्रिका पानावर ठेवली की खाचेतून फक्त खालची ओळ दिसते, वरची झाकली जाते. एक ओळ झाली की पत्रिका खाली सरकवायची. सदतीस मुलं, सदतीस पत्रिका. कुठं वधूचं नाव अर्धं कापलं गेलं, कुठं गणपतीची सोंड. पोरं खूश झाली. पहिल्या दिवशी इंग्रजीपेक्षा पत्रिकेवरचं कोणाचं लग्न कोणाशी, याचंच वाचन जास्त झालं.

मग खरं काम सुरू झालं, आणि ते कंटाळवाणं होतं. दहावीच्या मुलीला पहिलीसारखं शिकवायचं. अक्षराचं नाव वेगळं, आवाज वेगळा. दोन अक्षरं एकत्र आली की तिसराच आवाज. लांब शब्दाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा वाचायचा, मग सांधायचा. मी बेदाण्याच्या खोक्यांवरची लेबलं मागवली, फवारणीच्या औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं मागवली. रोज पंधरा शब्द. सोमवारी मागच्या आठवड्याचे पंचाहत्तर. चुकलेल्यांची वेगळी यादी. ती यादी मी तिलाच ठेवायला लावली.

तिसऱ्या आठवड्यात ती रडकुंडीला आली. पुस्तकातला जो उतारा पूर्वी ती अर्ध्या मिनिटात वाचायची त्याला आता पाच मिनिटं लागत होती. वर्गात तिला उभं केलं तर पोरं आपसात बोलायला लागली. एक पोरगा मागून म्हणाला, “आदी एक्स्प्रेस हुती रं, आता बैलगाडी झाली.”

ती वळली आणि म्हणाली, “तू उतर मग गाडीतनं.” आणि वाचत राहिली. मी त्या पोराला पुढं बोलावलं, पत्रिका त्याच्या पुस्तकावर ठेवली आणि एक ओळ वाच म्हटलं. त्याला पहिला शब्दसुद्धा आला नाही. त्या दिवसापासून सकाळी तिच्याबरोबर तोही येऊ लागला. नंतर आणखी तिघंजण. माझी सकाळची एसटी मात्र तीच होती, त्यामुळं पंचवीस मिनिटं तेवढीच राहिली. सगळ्यांना तेवढ्यात बसवलं.

एक सकाळ मला चांगली आठवते. तिसरा धडा, ज्यात एक मुलगी आपला बोकड विकायला बाजारात नेते. हा धडा तिनं वर्षभरात वीस वेळा तरी वाचला असेल, तोंडपाठच होता. पत्रिकेच्या खाचेतून ती एकेक ओळ वाचत चालली होती. वर कधीच लिहिलं न गेलेली ती राहिलेली ओळ आली. तीही वाचली. वाचून थांबली.

“मॅडम, ही बोकड न इकताच माघारी आली?”

“हो.”

“मला वाटायचं, इकून आली.”

“का वाटायचं?”

“बाजारात गेली म्हनल्यावर इकूनच येनार की. मी कवा बगितलंच न्हाई काय झालं ते. वाचत हुते आपली.” तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग अगदी व्यवहारी आवाजात म्हणाली, “आमी इकतो पर. लेकरागत वाढवलेला आसला तरी इकतो. हिच्या बाला काय म्हनली आसंल घरी गेल्यावर?”

त्यावर आम्ही पंधरा मिनिटं बोललो. सकाळी येणारी पाचही पोरं बोलली. एकजण म्हणाला की बापानं हाणली असेल. दुसरी म्हणाली, आईनं मधे पडून सोडवली असेल. मग मी म्हटलं, हेच इंग्रजीत दोन ओळींत लिहा, चूक झाली तर चालेल. धडा शिकवून संपवल्याला चार महिने झाले होते. साहित्य म्हणून तो त्या वर्गात पहिल्यांदा त्या दिवशी शिकवला गेला, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे.

डिसेंबर संपेपर्यंत ती नवा उतारा वाचायला लागली. सावकाश, तुकडे पाडत, पण कोणाच्याही मदतीशिवाय. दहा ओळींना चार मिनिटं. स्पर्धेत तीन मिनिटं असणार होती. मी तिला सांगितलं. लपवून उपयोग नव्हता.

“म्हंजे नंबर न्हाई येनार.”

“बहुतेक नाही.”

“येऊ दे नाय तर न्हाई येऊ दे. जायाचं तर हाय.”

स्पर्धेच्या दिवशी पहाटेची गाडी, विट्याला बदलून सांगली. ती नव्या गणवेशात, मी पिशवीत पाण्याची बाटली, दोन पेनं, गोळ्या, स्पर्धेचं पत्र, तिचं ओळखपत्र, सगळं दोनदा तपासून घेतलेलं. गाडीत ती खिडकीशी बसून झोपली. मला झोप लागली नाही. मी चार शाळांत शेकडो मुलं परीक्षेला बसवली आहेत, पण त्या गाडीत पहिल्यांदाच वाटलं की परीक्षा माझी आहे आणि तिला बसायला लावलं आहे. मग मनाला म्हटलं, पुरे. तिनं स्वतः सांगितलंय नाव काढू नका म्हणून.

सभागृहात साठ-सत्तर मुलं. पुष्कळशी टाय लावलेली, काही आपापसात इंग्रजीत बोलणारी. ती माझ्या बाजूला सरकून कुजबुजली, “मॅडम, ही तर घरीच इंग्रजीत भांडत असत्याली.”

“मग बरंच आहे. आपल्याशी भांडणार नाहीत.”

पहिली फेरी पाठ्यपुस्तकाची. आलेला उतारा तिच्या तोंडात बसलेला होता. मेंढरं वळवायचा आवाज काढून तिनं असा वाचला की परीक्षकांपैकी एका बाईंनी मान वर करून बघितलं. ती दुसऱ्या फेरीत गेली. वीसजण उरले.

दुसऱ्या फेरीला नावं पुकारायची, कागद हातात द्यायचा, एक मिनिट बघायला, तीन मिनिटं वाचायला. तिच्या आधीची मुलं गुळगुळीत वाचून गेली. तिचं नाव आलं. मंचावर जाऊन तिनं कागद घेतला आणि या वेळी उलटा करून बघितला नाही. मिनिटभर ओठ हलवत राहिली. मग सुरुवात केली.

पहिली ओळ नीट. दुसरीत एक शब्द चुकला, तिला कळलं, मागं जाऊन सुधारला. तिसरी, चौथी. उतारा एका नदीवरच्या नावाड्याबद्दल होता. सहाव्या ओळीत एक लांबलचक शब्द आला आणि ती थांबली.

पाच सेकंद. दहा. मागच्या रांगेत कोणी तरी हसलं. मी दोन्ही हात पिशवीच्या बंदात अडकवून बसले होते.

मुख्य परीक्षक भले गृहस्थ होते. माइकजवळ वाकून मराठीतच म्हणाले, “सोड तो शब्द, बाळ. पुढं जा. वेळ चाललाय.”

तिनं कागदावरून नजर उचलली नाही. “नगा, थांबा,” ती म्हणाली, तेही माइकमध्ये. “येतंय.”

सभागृहात चांगलाच हशा झाला. ती थांबलेलीच. बोटानं शब्दाचे तुकडे पाडताना ती मला खालून दिसत होती. एक. दोन. तिसऱ्यावर परत मागं. तीन. चार. मग तिनं तो शब्द सगळा एकत्र म्हटला, बरोबर म्हटला, आणि आवाज एकदम मोठा करून ओळ पूर्ण केली. सातवी वाचली. आठवी वाचली. घंटा झाली.

दोन ओळी राहिल्या. तिनं नमस्कार केला आणि कागद हातात घेऊनच खाली उतरली.

निकालात तिचं नाव नव्हतं, असणार नव्हतंच. परीक्षक बाई मला दारात भेटल्या. “मुलीचा आवाज फार छान आहे. तयारी मात्र कमी पडली हो.”

“हो,” मी म्हटलं. “आठच आठवड्यांची होती.”

त्यांना वाटलं असेल मी सबब सांगते. मी नुसती नोंद सांगितली होती.

बाहेर व्हरांड्यात नाश्त्याची रांग होती. पोहे, चहा, कागदी प्लेटा, एका शाळेचा फोटो चाललेला, विजेत्यांचे पालक फोनवर. ती रांगेत नव्हती. शोधलं तर पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी उभी, हातात तोच कागद.

“तो परत द्यायचा असतो गं.”

“मागितला न्हाई कुनी. मॅडम, दोन वळी ऱ्हायल्यात.”

“मग?”

“मग काय? तो नावाडी पलीकडं पोचला का न्हाई ते कळलंच न्हाई मला. तुमी आयका, सांगू नगा.”

शेजारून पोह्यांच्या प्लेटा घेऊन पोरं जात होती. तिनं कागद छातीशी धरला, गोंगाटाच्या वर जाईल इतका आवाज काढला आणि नववी ओळ सुरू केली. दोन ओळींत दोन चुका झाल्या. एक मी सांगायच्या आत तिनंच सुधारली, आणि दुसरी सुधारायला ओळीच्या सुरुवातीला परत गेली.